पंचगंगेचा पूर, विजेचा धक्का आणि दप्तराची राखण

ऐतिहासिक कागदपत्रांचा नाश कोणकोणत्या कारणांनीं होतो याची चर्चा या त्रैमासिकाच्या वाचकांस नवी नाहीं. वाळवी, कसर, ओल, आग, रद्दीवाला आणि वारसांची हेळसांड हे शत्रु सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संशोधकांच्या घरीं व संस्थांच्या कचेऱ्यांत एक नवें दप्तर तयार झालें आहे. मोडी कागदांचीं छायाचित्रें, पोथ्यांच्या प्रतिमा, ताम्रपटांचे ठसे, लिप्यंतरें, सूच्या, शकावल्या हें सर्व आतां संगणकांत साठतें. या दप्तरास वाळवी लागत नाहीं, सबब तें सुरक्षित आहे, अशी समजूत संग्राहकांत पुष्कळ पसरलेली दिसते. कोल्हापुरासारख्या नदीकांठच्या शहरीं ही समजूत किती घातक आहे तें दाखविण्याचा या लेखाचा उद्देश आहे. विषय यंत्रांचा दिसला तरी आमच्या मतें तो दप्तरखान्याचाच आहे, आणि दप्तरखान्याच्या जुन्या रीती ज्यांस ठाऊक आहेत त्यांस तो इतरांहून लवकर उमजेल.

प्रथम जुनी रीत पाहूं. मराठेशाहींत इनामाची सनद झाली म्हणजे एकच कागद होत नसे. इनामदाराच्या नांवें पत्र, गांवच्या मोकदमास पत्र, परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांस पत्र, अंमलदारास पत्र, अशीं तीन-चार पत्रें एकाच मजकुरावरून निघत. अंमलदारादिकांस लिहिलेल्या पत्रांच्या अखेरीस बहुधा अशी आज्ञा असे कीं, पत्राची नक्कल उतरून घेऊन अस्सल पत्र इनामदारास भोगवट्यासाठीं परत द्यावें. हें कलम आपण इतक्या वेळां वाचतों कीं त्याकडे लक्ष जाईनासें होतें. त्याचा व्यवहारांतला परिणाम असा कीं, अस्सल इनामदाराच्या घरीं, नक्कल गांवच्या अगर परगण्याच्या दप्तरीं, आणि नोंद हुजूर दप्तरीं, अशा निरनिराळ्या ठिकाणीं तोच मजकूर राही. एक ठिकाण बुडालें तरी दुसरें तरावें ही सोय आज्ञेच्या पोटांतच होती.

या सोयीची कसोटी १६८९ सालीं लागली. रायगड मोगलांच्या हातीं पडला आणि शिवछत्रपतींच्या राजधानीचें दप्तर त्या धामधुमींत नष्ट झालें असें सामान्यतः मानलें जातें. तरीही शिवकालीन पत्रें आज आपणांस शेंकड्यांनीं पाहावयास मिळतात, तीं कोठून? देशमुखांच्या, कुलकर्ण्यांच्या, देवस्थानांच्या, मठांच्या व उपाध्यांच्या घरांतून. राजधानींतील दप्तर गेलें. गांवोगांवच्या प्रती राहिल्या. पुढें वतनदार मंडळी आपापले जुने कागद घेऊन छत्रपतींपुढें व त्यांच्या कारभाऱ्यांपुढें आली आणि त्यांवरून नवीं पत्रें करून घेती झाली. मराठ्यांच्या इतिहासाचा केवढा भाग या विखुरलेल्या प्रतींवर उभा आहे हें साधनसंग्रह चाळणाऱ्यास सांगावयास नको. पोथ्या लिहिणारे लेखकही शेवटीं वाचकास विनवीत असत कीं, ग्रंथ तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपावा. तेलानंतर लगेच पाण्याचें नांव यावें हें या देशांतल्या पावसाळ्याचा अनुभव असणाऱ्यास साहजिक वाटेल.

करवीरकर छत्रपतींचा कारभार जोंवर पन्हाळ्यावरून चाले तोंवर त्यांच्या दप्तरास शत्रूचें व आगीचें भय होतें, पुराचें नव्हतें. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजधानी गडावरून खालीं कोल्हापुरीं आली. तरी जुना राजवाडा व अंबाबाईचें देऊळ शहराच्या उंच भागीं आहे. त्याहूनही जुनी वस्ती ब्रह्मपुरीच्या टेकाडावर होती. १९४५-४६ सालीं डॉ. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनीं डेक्कन कॉलेजच्या वतीनें तेथें उत्खनन केलें आणि सातवाहनकालीन नगराचे अवशेष उजेडांत आणले. ती वस्ती नदीच्या अगदीं कांठीं होती, पण टेकाडावर. पाण्याजवळ राहावें आणि पाण्याच्या वर राहावें हा विवेक त्या लोकांस होता. विसाव्या शतकांत शहर वाढलें तें मात्र जयंती नाल्याच्या दोन्ही अंगांच्या सखल जागींही वाढलें. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, रमणमळा या बाजूंस दुकानें, छापखाने, बँका व कचेऱ्या झाल्या. नदी फुगली म्हणजे नाल्याचें पाणी नदींत जाण्याऐवजीं नदीचें पाणी नाल्यावाटे मागें येतें, आणि नदीपासून लांब राहणाऱ्या मनुष्याच्याही उंबऱ्याशीं पूर उभा राहतो.

पंचगंगा ही कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या चार प्रवाहांची, आणि पांचव्या गुप्त मानलेल्या सरस्वतीची मिळून होते. प्रयाग चिखलीस संगम होऊन ती कोल्हापुरावरून पुढें नरसोबाच्या वाडीस कृष्णेस मिळते. गगनबावडा व राधानगरीकडील घाटमाथ्याचा पाऊस हिच्याच पात्रांत उतरतो. राजर्षि शाहू छत्रपतींनीं आरंभिलेल्या राधानगरीच्या धरणास सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरल्या उंचीस पोंचलें कीं ते आपोआप उघडतात. कोणाच्या हुकुमाची वाट पाहत नाहींत. त्यांतच कृष्णाही भरून वाहत असेल तर पंचगंगेचें पाणी पुढें सरत नाहीं, तुंबतें, आणि शहरांतला पाऊस उघडल्यावरही पूर लवकर ओसरत नाहीं. अलमट्टीच्या धरणाचा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. दप्तर भिजण्याच्या दृष्टीनें पाणी कोणाच्या दोषानें आलें हा प्रश्न गौण आहे.

कोल्हापुरांत पुराचें माप राजाराम बंधाऱ्यावर घेतात. तेथें ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी ठरलेली आहे. २००५ च्या पुराची आठवण ताजी असतां ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५५ फुटांच्या पुढें गेलें, आणि अवघ्या दोन वर्षांनीं, जुलै २०२१ मध्यें, तें ५६ फुटांच्या आसपास पोंचलें. म्हणजे धोक्याच्या रेषेवर बारा-तेरा फूट. ज्यांनीं २००५ च्या पुराची खूण भिंतीवर करून तिच्या वर हातभर उंचीवर कपाटें लाविलीं होतीं त्यांचीही कपाटें २०१९ सालीं बुडण्याजोगी स्थिति होती. यावरून मागच्या पुराची खूण ही पुढच्या पुराची मर्यादा नव्हे एवढें सिद्ध होतें. पाटबंधारे खात्यानें नद्यांच्या कांठीं निळ्या व लाल पूररेषा आखिल्या आहेत. निळी रेषा सरासरीनें पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. परंतु शंभर वर्षांचा पूर शंभर वर्षें थांबून येतो असा जो अर्थ लोक घेतात तो चुकीचा आहे. दरवर्षीं त्याचा संभव शेंकडा एक असतो इतकाच त्याचा अर्थ.

२०१९ च्या पुरांत आणखी एक गोष्ट दिसून आली. पुणें-बंगलोर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखालीं जाऊन कित्येक दिवस बंद होता. विजेचीं उपकेंद्रें बुडालीं, शहरास पाणी पुरविणारे पंप बुडाले, आणि वाहतूक खुंटल्यामुळें पेट्रोल-डिझेलचीही टंचाई झाली. तेव्हां आमच्या कचेरींत जनरेटर आहे एवढ्यावर निर्धास्त राहणें बरें नव्हे. जनरेटर डिझेलवर चालतो आणि डिझेल रस्त्यानें येतें. रस्ता गेला कीं तें सर्वच थांबतें.

या खोऱ्यांत पुराशीं कसें वागावें याचा उत्तम धडा नरसोबाच्या वाडीस मिळतो. तेथील दत्तमंदिर संगमाच्या घाटावर आहे आणि पावसाळ्यांत तें पाण्यांत जाणार हें गृहीत धरूनच तेथील सर्व व्यवस्था चालते. पाणी उत्तरेकडून आंत शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणेकडील दारानें बाहेर पडूं लागलें म्हणजे दक्षिणद्वाराची पर्वणी मानतात व लोक स्नानास धांवतात. पाणी आणखी चढलें कीं उत्सवमूर्ति वरच्या बाजूस नारायणस्वामींच्या मंदिरांत नेतात आणि पूजाअर्चा तेथें चालूं राहते. कोणत्या वेळीं काय हलवावयाचें, कोठें न्यावयाचें आणि कोणी न्यावयाचें, हें पाणी पायरीशीं आल्यावर तेथें कोणी विचारीत बसत नाहीं. संगणक बाळगणाऱ्या कितीशा संस्थांस असें म्हणतां येईल? हवामानखात्याचा इशारा वर्तमानपत्रांत वाचून चहा पितां पितां त्यावर चर्चा करणें ही तयारी नव्हे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झाले कीं तळमजल्यावरील यंत्रें वर चढवावयाचीं, ४३ फुटांच्या आंत इमारतीची वीज तोडून कुलूप लावावयाचें, असा नियम उन्हाळ्यांतच कागदावर लिहून दारामागें चिकटविला पाहिजे. त्यावर किल्ली कोणाकडे हेंही लिहावें. किल्लीवाला गृहस्थ चिखलीस अगर आंबेवाडीस राहत असेल तर पुराच्या दिवशीं तोच पाण्यांत अडकलेला असतो. म्हणून दुसरी किल्ली उंच भागांत राहणाऱ्या कोणापाशीं असावी.

ज्यांस ही सावधगिरी अतिरेकी वाटेल त्यांनीं ग्रंथालयांची हकीकत आठवावी. सांगलीचें नगर वाचनालय १८६९ सालचें. २०१९ च्या पुरांत तेथें पाणी शिरून हजारों पुस्तकांचा लगदा झाला, आणि त्यांत दुसरीकडे सहजीं न मिळणारे जुने ग्रंथही गेले. चिपळूणचें लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर त्याहूनही जुनें, १८६४ सालचें. वाशिष्ठीच्या पुराचा मार त्यानें २००५ सालीं खाल्ला आणि २०२१ सालीं पुन्हा. हीं छापील पुस्तकांचीं उदाहरणें आहेत. छापील पुस्तकाची दुसरी प्रत कोठें तरी असते. मोडी रुमालाची नसते. ज्या घराण्याचे कागद पुरांत गेले आणि त्यांचीं छायाचित्रें कोणा अभ्यासकानें आधीं घेऊन ठेविलीं होतीं, तेथें तीं छायाचित्रें आतां नक्कल राहिलीं नसून अस्सलाच्या जागीं आलीं आहेत. अशा छायाचित्रांचा संग्रह एकाच संगणकांत, आणि तो संगणक टेबलाखालीं जमिनीवर, ही स्थिति आम्हांस रायगडच्या दप्तराहून अधिक भयावह वाटते, कारण येथें परगण्याच्या दप्तरीं नक्कल नाहीं.

टेबलाखालीं म्हटलें तें मुद्दाम. संगणकाची पेटी पायाशीं ठेवण्याची चाल कोणी पाडली कोण जाणे, पण ती सर्वत्र आहे. तिच्याजवळच भिंतीच्या तळाशीं विजेचा बोर्ड, त्याच्या शेजारीं जड म्हणून खालीं ठेवलेला यूपीएस, आणि तारांचें जाळें. चार बोटें पाणी आलें तरी हीं तिन्ही बुडतात. यूपीएसच्या बाबतींत एक विशेष धोका आहे तो पुष्कळांस ठाऊक नसतो. इमारतीचा मुख्य खटका पाडला तरी यूपीएस आपल्या बॅटरीवरून २३० व्होल्टांचा प्रवाह बाहेर देत राहतो. त्याचें कामच तें. म्हणून पाणी येत असतां मुख्य खटक्याबरोबर यूपीएसही त्याच्या स्वतःच्या बटनानें बंद केला पाहिजे, नाहीं तर अंधाऱ्या खोलींतल्या पाण्यांत पाय घालणाऱ्यास धक्का बसावयाचा. संगणकाची पेटी टेबलावर, बोर्ड छातीच्या उंचीवर, आणि मूळ प्रतिमांच्या तबकड्या वरच्या मजल्यावर, इतकें केलें तरी निम्मी काळजी मिटते. पोटमाळ्यावर ठेवावयाचें तर कौलांची गळती आधीं पाहावी. खालून वांचविलें आणि वरून भिजलें असेंही होतें.

पुराहून वारंवार येणारा शत्रु म्हणजे वीज, आणि तो न सांगतां येतो. कोल्हापूरकडे एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस येतो. दुपारीं उकाडा, संध्याकाळीं काळें आभाळ, सोसाट्याचा वारा आणि कडकडाट. आकाशांतली वीज घरावरच पडली पाहिजे असें नाहीं. फर्लांगभर दूर पडली तरी विजेच्या, टेलिफोनच्या व जाळ्याच्या तांब्याच्या तारांत क्षणभर हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होऊं शकतो, आणि तो तारेवाटे यंत्राच्या पोटांत शिरतो. याखेरीज रोहित्रावर प्रवाह जोडतां-तोडतांना लहान लहान धक्के बसत असतात. ते एका धक्क्यानें यंत्र मारीत नाहींत, झिजवितात.

या क्षणिक धक्क्यांवर उपाय म्हणून स्पाइक गार्ड नांवाचा बोर्ड बाजारांत मिळतो. त्याच्या पोटांत धातूच्या ऑक्साइडची एक लहान चकती असते. नेहमींच्या दाबास ती प्रवाह जाऊं देत नाहीं. दाब फार वाढला कीं तीच वाट मोकळी करून जास्तीचा प्रवाह आपल्या अंगावर घेते व भूमीकडे लावून देते. परंतु प्रत्येक धक्क्यागणिक ती चकती थोडी थोडी मरते, आणि मेल्यावरही बोर्डावरचा दिवा पुष्कळदां लागतच असतो. यास्तव तो बोर्ड कांहीं वर्षांनीं बदलावा. साधा एक्स्टेन्शन बोर्ड आणि स्पाइक गार्ड दिसावयास सारखे, पण पहिल्याच्या पोटांत कांहीं नसतें. विकत घेतांना एवढें पाहावें. इमारतीच्या मुख्य फळीवर बसविण्याचीं मोठीं संरक्षक साधनें निराळीं मिळतात. जेथें सर्व्हर आहे तेथें तीं पाहिजेतच, आणि बोर्ड हा त्यांच्या मागचा दुसरा पहारा समजावा.

दुसरा प्रकार अधिक वाईट. आपल्या घरीं येणारी वीज तीन फेजांपैकीं एक फेज व न्यूट्रल यांमधली, म्हणजे २३० व्होल्टांची असते. दोन फेजांमध्यें मात्र सुमारें ४०० व्होल्ट असतात. वादळांत झाड पडून अगर सांधा जळून न्यूट्रलची तार तुटली म्हणजे ज्या फेजवर भार कमी त्यावरच्या घरांत दाब ४०० च्या दिशेनें चढतो, आणि क्षणभर नव्हे, तर तार जोडीपर्यंत तसाच राहतो. गल्लींतल्या सर्व घरांचे दिवे, टीव्ही व पंखे एकदम जळाल्याच्या ज्या वार्ता येतात त्यांचें कारण बहुधा हेंच. येथें स्पाइक गार्ड टिकत नाहीं. त्याची चकती सतत प्रवाह वाहून जळून जाते. दाब मर्यादेबाहेर जातांच पुरवठा तोडणारें निराळें साधन मीटरजवळ बसवावें लागतें. तें फार महाग नसतें. चांगल्या वायरमनास सांगितलें तर तो अर्ध्या दिवसांत बसवून देतो.

या सर्वांचा पाया म्हणजे अर्थिंग. खड्डा खणून त्यांत नळी अगर पत्रा, भोंवतीं कोळसा व मीठ, आणि उन्हाळ्यांत अधूनमधून पाण्याची बादली, ही जुन्या वायरमनांची पद्धति सर्वांनीं पाहिली असेल. आजकाल तयार रसायनें घालून बंद केलेल्या नळ्या मिळतात. पद्धति कोणतीही असो, जास्तीचा प्रवाह जावयास भूमि मिळाली नाहीं तर स्पाइक गार्ड काय, दुसरें काय, सर्व व्यर्थ. जुन्या वाड्यांतून वीज घेतली तेव्हां दोनच तारा ओढलेल्या असतात आणि तीन पिनांच्या बोर्डाचें वरचें भोंक केवळ शोभेस असतें. अशा वाड्यांतच आमचे पुष्कळसे संग्रह आहेत. मेच्या आरंभीं अर्थिंगचा विरोध मोजून घ्यावा. आणि कितीही साधनें बसविलीं तरी वळवाचें आभाळ दिसतांच प्लग उपटून ठेवणें, व त्याबरोबर जाळ्याची तारही काढणें, हा बिनपैशाचा उपाय सर्वांत खात्रीचा आहे. विजेचा प्लग काढला आणि टेलिफोनची तार तशीच राहिली म्हणून संगणक जळणें अगदीं शक्य आहे. कांचतंतूची तार धातूची नसल्यानें तींतून हा धक्का येत नाहीं. मात्र तिच्या शेवटीं असलेली पेटी विजेवर चालते हें विसरूं नये.

गेलेली वीज परत येते तो क्षणही जपण्यासारखा असतो. पुरानंतर उपकेंद्र सुरू करतांना पुरवठा येतो, जातो, पुन्हा येतो. ज्यानें जातांना मुख्य खटका पाडला नसेल त्याच्या यंत्रांवर हे सर्व प्रयोग होतात. यूपीएसचें काम दहा-पंधरा मिनिटें यंत्र जगवून उघडलेलें काम नीट मिटूं देणें इतकेंच आहे. तेवढ्या बळावर रात्रभर स्कॅन करीत राहण्याचें नव्हे. त्याची बॅटरी दोन-चार वर्षांत निकामी होते आणि तें बहुधा नको त्या दिवशीं कळतें. म्हणून वर्षांतून एकदां, काम बंद करून, भिंतींतला प्लग काढून तो किती वेळ तग धरतो तें घड्याळ लावून पाहावें.

भूकंपाविषयीं दोन शब्द पुरेत. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का कोल्हापुरासही जाणवला होता. उंच लोखंडी मांडण्या भिंतीस चुका-पट्ट्यांनीं बांधल्या आणि सर्व्हरची मांडणी जमिनीस आवळली म्हणजे एवढ्या धक्क्यास पुरेसें आहे.

आतां मुख्य गोष्ट, प्रतींची. यंत्र जळलें तर दुसरें मिळतें. दप्तराची चिंता खरी. फुलस्केपाएवढा एक कागद ४०० च्या घनतेनें, रंगांत, न दाबतां स्कॅन केला तर त्याची प्रतिमा सुमारें ४५ ते ५० मेगाबाइटची होते. दहा हजार कागद म्हणजे पाचशें गिगाबाइटांच्या आसपास. एका सामान्य घराण्याचें सबंध दप्तर तळहातावर मावणाऱ्या तबकडींत बसतें. इतक्या लहान वस्तूच्या तीन प्रती न करण्यास आळसाखेरीज कारण आम्हांस दिसत नाहीं. संगणकाच्या जाणत्यांत नियम असा आहे कीं, प्रती तीन असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणीं असावी. इनामदार, परगणा आणि हुजूर दप्तर, हाच तो हिशेब.

मात्र दुसरें ठिकाण कोणतें, याचा विचार आमच्या भागांत नीट झालेला नाहीं. कोल्हापूरच्या संग्राहकानें आपली प्रत सांगलीच्या मित्राकडे ठेविली व सांगलीकरानें आपली कोल्हापुरास, तर दोघांसही बरें वाटतें. परंतु ऑगस्ट २०१९ च्या एकाच आठवड्यांत पंचगंगाही चढली आणि कृष्णाही. सांगलीस आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, तेथें पाणी ५७ फुटांवर गेलें. नदी निराळी पण खोरें एकच. दूर म्हणजे मैलांनीं दूर नव्हे, दुसऱ्या खोऱ्यांत दूर. प्रत नागपुरास, नाशकास अगर गोव्यांत असावी. शहरांतल्या शहरांत जी दुसरी प्रत ठेवावयाची ती उंच भागीं असावी. शिवाजी विद्यापीठाची जागा सागरमाळावर आहे, आणि तेथील ग्रंथालयांत हस्तलिखितांचा संग्रहही आहे. पुराच्या दृष्टीनें त्या जागेची निवड उत्तम म्हटली पाहिजे.

परक्या जाळ्यावरील साठवण भाड्यानें घेऊन निश्चिंत होणाऱ्यांसाठीं दोन अलीकडचीं उदाहरणें देतों. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें एका मोठ्या साठवण-कंपनीच्या इमारतीस आग लागली. ज्यांची मूळ माहिती व तिची प्रत दोन्ही त्याच आवारांत होतीं अशा गिऱ्हाइकांचें दोन्ही गेलें. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं दक्षिण कोरियांत देजॉन येथील सरकारी संगणककेंद्रांत आग लागली. वीज गेल्यास यंत्रें चालूं राहावीं म्हणून ठेवलेल्या लिथियम बॅटऱ्या हलविण्याचें काम चालू असतां ती लागली, आणि सरकारी नोकरांच्या सामाईक साठवणींतील ८५८ टेराबाइट माहिती, जिची बाहेर दुसरी प्रतच नव्हती, जळाली. एवढ्या प्रगत देशांतही हुजूर दप्तरावर विसंबून परगण्याची नक्कल कोणीं केली नव्हती. भाड्याची साठवण घ्यावी. पण ती तीनांपैकीं एक प्रत म्हणून घ्यावी.

प्रत केली म्हणजे ती जशीच्या तशी आहे याचा पुरावाही पाहिजे. मराठी पत्राच्या अखेरीस मर्यादेचा शिक्का असे, तो मजकूर तेथें संपल्याची खूण होती; त्यापुढें कोणी एक अक्षर घातलें तर तें उघडें पडे. संगणकांत प्रत्येक प्रतिमेवरून गणितानें एक लांबलचक आंकडा काढतां येतो. प्रतिमेंत एक ठिपका बदलला तरी आंकडा बदलतो. या आंकड्यांची यादी प्रतींसोबत ठेवून दरवर्षीं ताडून पाहावी, म्हणजे तबकडी आंतून सडत चालली असेल तर दुसऱ्या प्रतीवरून वेळींच दुरुस्त होते.

इतकें करूनही पाणी आलेंच तर कागद व यंत्र यांस निरनिराळी वागणूक पाहिजे. जुना हातकागद भिजूनही पुष्कळ तग धरतो. काजळीची शाई फिकी पडत नाहीं. तिच्यांतला डिंक विरघळला तर ती पसरते, म्हणून भिजलेलीं पानें चोळूं अगर ओढूं नयेत. बुरशी दोन दिवसांत धरूं लागते. तेवढ्यांत सर्व कागद वाळविणें शक्य नसेल तर गठ्ठे पिशव्यांत घालून शीतगृहांत गोठवून ठेवावे आणि पुढें सवडीनें थोडे थोडे वाळवावे. फ्लॉरेन्स शहरीं ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं आर्नो नदीच्या पुरांत तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाच्या खालच्या मजल्यावरचा फार मोठा संग्रह चिखलांत गेला. त्यानंतरच्या वर्षांत गोठवून वाळविण्याची ही रीत जगभर रूढ झाली.

भिजलेल्या तबकडीचें उलट. तिला उन्हांत ठेवूं नये, उघडूं नये, आणि मुख्यतः, चालते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं वीज लावूं नये. या शेवटच्या कुतूहलानें बरीच माहिती नाहींशी होते. आंत शिरलेला चिखल फिरत्या पत्र्यांवर घासला कीं मग कोणाचाच इलाज चालत नाहीं. बंद पिशवींत घालून, पुराची असल्याची चिठ्ठी लावून, माहिती काढून देणाऱ्या जाणकाराकडे ती तशीच पाठवावी. संगणकाची पेटीही वायरमनानें इमारतीची तपासणी केल्यावांचून जोडूं नये. भिंतींतल्या नळ्यांत पाणी कित्येक दिवस राहतें.

करवीर, शिरोळ, हातकणंगले व पन्हाळा या तालुक्यांतील ज्या घराण्यांच्या अगर देवस्थानांच्या कागदांचीं छायाचित्रें वाचकांपैकीं कोणाकडे असतील त्यांनीं कागदांची संख्या, प्रती किती व त्या कोणत्या गांवीं आहेत, एवढें आम्हांस कळवावें. २०१९ व २०२१ च्या पुरांत ज्यांचें अस्सल गेलें त्या दप्तरांची यादी आधीं करावयाची आहे, आणि ती ज्येष्ठाच्या आंत झाली पाहिजे.